पहिला काचेचा पतंग: स्टेन्ड ग्लास घरच्या घरी कसं करायचं, सोलापूरवाल्यांसाठी

दर वर्षी संक्रांत जवळ आली की माझ्या खिडकीतला काचेचा पतंग बघून कुणीतरी विचारतंच, हे कुठून आणलं. आणलं नाही ओ, केलंय, स्टेन्ड ग्लासचा, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे धातूने एकमेकांना जोडून. मग पुढचा प्रश्न ठरलेला, क्लास कुठे असतो. तर क्लास असा नाहीये, आम्ही सात जण आहोत, रविवारी सकाळी जुळे सोलापुरात एकीच्या गच्चीवरच्या खोलीत बसतो आणि ज्याला जे येतं ते तो दुसऱ्याला दाखवतो. सगळ्यांना तिथवर येणं जमत नाही म्हणून पतंग कसा करायचा ते इथे सगळं लिहून काढते. पहिल्या कामाला पतंगासारखं दुसरं काही नाही, सगळ्या रेघा सरळ.

आधी अण्णांचं सांगते, कारण माझं सगळं शिक्षण तिथून सुरू झालं. अण्णा आमचे शेजारी, चादरीच्या जकार्डसाठी (भोकं पाडलेल्या कार्डांवरून मागावर नक्षी विणायची यंत्रणा) ग्राफ काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी पहिलं डिझाइन काढलं ते मोराचं, पिसाऱ्याच्या रेघा मस्त वळवून हवेत सोडून दिल्या होत्या. अण्णांनी चष्मा पुसला, एका रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही कुठं चालली गं?" म्हटलं कुठे नाही, तिथेच संपली. "संपती कशी? मग पलीकडचा चौकोन कुणाचा, हिचा का तिचा?" त्यांच्या ग्राफवर एकही चौकोन बेवारशी राहत नाही, तिथला धागा एक तर वर उचलायचा नाहीतर खाली ठेवायचा आणि त्याप्रमाणे कार्डाला भोक पडणार. मला तेव्हा काही नीट कळलं नाही, काच कापायला बसले तेव्हा कळलं. आपल्या कामात रेघ म्हणजे दोन काचांमधला सांधा, त्यामुळे ती मध्येच थांबू शकत नाही, दुसऱ्या रेघेला जाऊन मिळाली पाहिजे नाहीतर कडेपर्यंत गेली पाहिजे. डिझाइन काढलं की प्रत्येक रेघेवर बोट फिरवून बघा, कुठे सुटलीय का.

आता सामान. काच ३ मिमी जाडीची, पारदर्शक रंगीत, म्हणजे रंग काचेतच मिसळलेला. हे दुकानात नक्की विचारा, कारण मला एकदा रंगीत म्हणून पाठीमागून रंग मारलेली काच दिली गेली, घरी आणून कापली, कडेला तांब्याची पट्टी चिकटवली आणि सोल्डर, म्हणजे सांधा जोडायचा वितळवलेला धातू, लावताना रंगाचा पापुद्राच पट्टीसकट सुटून आला, आख्खा रविवार वाया. खिळ्याने कडेला हळूच ओरखडा काढून बघायचं, रंग निघाला तर ती काच आपली नाही. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच तर घ्यायचीच नाही, ती कापताच येत नाही, चुरा होतो. जुने वाडे पाडतात तेव्हा दरवाजावरच्या लाल-निळ्या-हिरव्या काचा भंगारात जातात, त्या मिळाल्या तर सोडू नका, फक्त जुन्या काचा सावकाश कापाव्या लागतात.

बाकी लागतं ते असं. काच कापायचा कटर, साधारण ५.५ मिमी रुंदीची एका बाजूला गोंद असलेली तांब्याची पट्टी, ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं), झिंक क्लोराइडवालं फ्लक्स (हे लावलं की सोल्डर तांब्याला धरतं) आणि सोल्डर वितळवायला ८० ते १०० वॉटचा रुंद टोकाचा सोल्डरिंग आयर्न. रेडिओ-मोबाइलवाल्यांचा २५ वॉटचा आयर्न इथे पुरत नाही, दोन इंच गेला की गार पडतो आणि सोल्डरचे गोळे गोळे राहतात. सोल्डर पण त्यांचं नको, त्यात आतून राळेचं फ्लक्स असतं, ते तडतडतं आणि काचेवर तपकिरी चिकटा राहतो. भरीव तार मागा. घासायला ग्राइंडर महाग आहे म्हणून आम्ही सात जणांत एकच घेतलाय आणि तो आठवडा-आठवडा फिरतो, ज्याच्याकडे असेल त्याने त्यातला स्पंज धुऊन, गाळ काढून पुढे द्यायचा हा नियम. एकट्याने सुरुवात करत असाल तर ग्राइंडरशिवायही होतं, धार लावायचा कार्बोरंडमचा दगड पाण्यात भिजवून त्यावर कड घासायची. ओलाच घासायचा, कोरडा घासला की काचेची धूळ छातीत जाते.

पतंगाचं माप सोपं आहे. उभी रेघ २० सेंमी, तिच्या वरच्या टोकापासून ८ सेंमी खाली आडवी रेघ १६ सेंमी, बरोबर मधोमध, आणि चारही टोकं जोडा. चार त्रिकोण झाले. वरचे दोन ८ बाय ८ चा चौरस कर्णावर कापला की मिळतात, खालचे दोन ८ बाय १२ च्या आयतातून. पण इथे जवळजवळ सगळे फसतात, मी पण फसले. आयत कर्णावर कापला की दोन्ही त्रिकोण एकाच हाताचे निघतात, आणि आपल्याला एक डावा एक उजवा हवा असतो, म्हणजे एक तुकडा पालथा करावा लागतो. काच दोन्हीकडून गुळगुळीत असेल तर काही बिघडत नाही, पण एका बाजूने दाणेदार असेल तर एका तुकड्याचे दाणे पुढे आणि दुसऱ्याचे मागे, आणि उन्हात तो फरक लगेच दिसतो. तशी काच असेल तर खालचे दोन्ही त्रिकोण वेगवेगळे आखून कापा. या आकृतीच्या, म्हणजे नकाशाच्या, दोन प्रती काढा, दोन्हींवर तुकड्यांना तेच नंबर टाका, एक प्रत कापायला, दुसरी खाली ठेवून जुळवायला. कापायच्या प्रतीत रेघेच्या जागी केसभर कागद कापून टाकायचा कारण सांध्यात तांबं बसतं, नाहीतर शेवटी पतंग नकाशाच्या बाहेर जातो.

नकाशा खाली ठेवून त्यावर काम करायची पद्धत लई जुनी आहे. १२ व्या शतकात थिओफिलस नावाच्या साधूने लिहून ठेवलंय की लाकडी फळी खडूने पांढरी करायची, तिच्यावर खिडकीचं चित्र काढायचं आणि त्याच फळीवर काचा जुळवायच्या. तेव्हा काच तापलेल्या लोखंडाने तडकवायचे आणि कडा चिमट्यासारख्या लोखंडाने कुरतडून आकारात आणायचे. फ्रान्समधल्या शार्त्र इथल्या कॅथेड्रलच्या बऱ्याचशा खिडक्या १३ व्या शतकातल्या, त्यांच्या खालच्या भागात पाववाले, चांभार, कापड विकणारे आपापल्या कामात दाखवलेत. अण्णांना मोबाइलवर ते कापडवाले दाखवले तर फोटो मोठा करून करून ठाणावरच्या घड्या बघत बसले. त्या खिडक्या शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या आहेत. आपण करतोय ती तांब्याच्या पट्टीची पद्धत अमेरिकेत १९ व्या शतकाच्या शेवटी लुई टिफनी या काचकलाकाराच्या कारखान्यामुळे गाजली, आणि तिथे १८९२ पासून काच निवडून कापणाऱ्या बायकांचा वेगळा विभाग होता, क्लारा ड्रिस्कॉल त्याची प्रमुख. टिफनीच्या प्रसिद्ध काचेच्या दिव्यांपैकी बरेच तिने डिझाइन केलेत हे तिच्या पत्रांवरून लोकांसमोर आलं ते थेट २००७ च्या प्रदर्शनात. म्हणून आमच्यात कुणाचा नकाशा वापरला तर मागे त्याचं नाव लिहितोच, विकायचं असेल तर आधी विचारतो. हे सगळ्यांनी पाळा अशी माझी मनापासून विनंती आहे.

कापणं. चष्मा लावा, पायात चप्पल नको बूट घाला, टेबलावर जुनं वर्तमानपत्र नाहीतर पातळ रबर. कटरचं चाक तेलात किंवा रॉकेलमध्ये बुडवा, काचवाले तेच करतात. काचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच रेघ, एकाच दाबाने, न थांबता. परत अण्णांचं तेच, रेघ मध्येच सोडायची नाही. दाब बरोबर असला की कापड फाडल्यासारखा बारीक सलग आवाज येतो, रेघ पांढरी भुरभुरीत दिसली तर दाब जास्त झाला. आणि एकदा ओढलेल्या रेघेवरून परत कटर फिरवायचा नाही म्हणजे नाही, काच वाटेल तिकडे जाते आणि कटरचं चाकही खराब होतं. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना मुठी, अंगठे वर, बोटं खाली, आणि भाकरी मोडतो तसं बाहेरच्या बाजूला खाली दाबायचं. कडक भाकरी मोडणाऱ्या सोलापूरकराला हे वेगळं शिकवायला लागत नाही, तोच कट्ट आवाज येतो. पहिल्या दिवशी रंगीत काचेला हातच लावू नका, काचवाल्याकडून साध्या काचेचे तुकडे मागून आणा आणि पन्नास रेघा ओढा. मला कापणं शिकवलं ते फ्रेमच्या दुकानातल्या एका काकांनी, दुपारी गिऱ्हाईक नसताना, माझा हात धरून. मी दाब मनगटातून देत होते, ते म्हणाले खांद्यातून दे, आणि पुढची रेघ सरळ गेली.

कडा घासून झाल्या की तुकडे साबणाने धुऊन कोरडे करा, बोटाचं तेल राहिलं तर पट्टी चिकटत नाही. काचेची कड पट्टीच्या बरोबर मधोमध ठेवायची, दोन्ही अंगांना सारखी घडी पडली पाहिजे, शेवटाला ५-६ मिमी एकावर एक घ्या. मग पेनच्या नळीने किंवा बांबूच्या काडीने घासून घासून दाबा. हे काम आम्ही गप्पा मारत करतो, शेंगा सोलल्यासारखं, पण खायला हात धुतल्याशिवाय नाही. काच पारदर्शक असते म्हणून पट्टीची आतली बाजूही दिसते, सांधे काळे करणार असाल तर आतून काळी पट्टीच घ्या.

सोल्डर करताना कल्हईवाला आठवा. भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, मग कथील फिरवायचा आणि कापसाने पसरवायचा. आपलं पण तेच, तांबं आणि कथील, नवसागराच्या जागी फ्लक्स. फ्लक्स नाही तर कथील धरत नाही. प्लायवूडवर नकाशा, त्यावर चार तुकडे, बाहेरून लाकडी पट्ट्या खिळ्यांनी ठोकून घट्ट करा म्हणजे हलणार नाहीत. आधी सांध्यांवर थेंब थेंब टाकून पकडा, मग सगळे सांधे सपाट भरा, आणि शेवटी परत फ्लक्स लावून आयर्न सावकाश ओढत वरून गोल फुगीर रेघ आणा. ६०/४० सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि पटकन घट्ट होतं म्हणून ती गोलाई टिकते. मधे जिथे चार टोकं भेटतात तिथे उष्णता साठते आणि सोल्डर खाली गळतं, घाबरू नका, थोडं गार होऊ द्या, दुसऱ्या बाजूने काढा, परत भरा. पालथं करून मागची बाजूही तशीच, मग चारही कडांना पातळ हात.

सोल्डर करताना डोक्यावरचा पंखा बंद लागतो, नाहीतर रेघ सुरकुतते. आता मे महिन्यात आपल्याकडे पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते सांगायला नको, म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला सुरू करतो आणि आठला आवरतो. टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून लावायचा, म्हणजे फ्लक्सचा धूर बाहेर ओढला जातो. शिशाचं मनावर घ्या. आयर्नच्या उष्णतेला शिशाची वाफ फारशी होत नाही, खरा धोका हाताला लागून तोंडात जाण्याचा. तिथे चहा नको, तंबाखू नको, उठल्यावर साबणाने हात, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोतच. ज्यांच्या घरी दुसरी खोली नाही त्यांनी सरळ बिनशिशाचं सोल्डर घ्यावं, जरा महाग पडतं, हात बसायला वेळ लागतो पण चालतं.

टांगायची कडी तांब्याच्या तारेची, आणि ती कुठे लावायची हे महत्त्वाचं. नुसत्या बाहेरच्या कडेला लावली तर वजनाने पट्टी सुटते. पतंगाच्या वरच्या टोकाला उभा सांधा येतो, तारेचे पाय त्या सांध्यात आत उतरवून सोल्डर करा. मग कोमट पाण्यात भांड्याचा साबण आणि थोडा खायचा सोडा घालून घासून धुवा, फ्लक्स राहिलं की दोन दिवसांत पांढरी भुकटी येते. सांधे तांब्याच्या रंगाचे हवे असतील तर मोरचूद पाण्यात विरघळवून कापसाने लावायचं, द्राक्षबागेत फवारायच्या बोर्डो मिश्रणाला वापरतात तेच, पण विष आहे, हातमोजे घाला आणि ती वाटी परत स्वयंपाकघरात न्यायची नाही. धुऊन पुसून वर गाडीचं मेण.

रंगाबद्दल एक. आपलं ऊन कडक, फिकट रंग उन्हात धुऊन जातात, पिवळा तर दिसतच नाही. वरचे त्रिकोण गडद लाल, खालचे निळे घेऊन बघा. माझा पहिला पतंग अण्णांकडे आहे, पूर्वेच्या खिडकीत. पहिलं काम शिकवणाऱ्याला द्यायचं असं आमच्यात ठरलंय आणि ते कधी विकत नाही. सकाळी आठच्या सुमाराला त्याचा लाल डाग भिंतीवरून सरकत त्यांच्या जुन्या ग्राफच्या गुंडाळ्यांवर येतो, तेव्हा ते मला हाक मारतात.

उरलेले तुकडे फेकू नका. आमच्याकडे गोडेतेलाचा रिकामा डबा आहे, नखाएवढा तुकडासुद्धा रंगाप्रमाणे त्यात जातो, आणि नवीन आलेल्याने पहिलं काम त्यातूनच करायचं. रविवारी यायचं असेल तर बूट घालून या, चष्मा आणा, केस बांधा, काच आणू नका, डबा भरलेला आहे.