जुनी सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घरच्या घरी कशी सुधारायची (रंगाचा डबा मात्र सगळ्यात शेवटी उघडा)

सेकंडहँड गिटार घरात आली की पहिली खाज सुटते ती रंग बदलायची. कडेचे टवके उडालेले, पाठीवर बेल्टच्या बक्कलचे ओरखडे, आणि आपण मनातल्या मनात तिला काळी-लाल पट्ट्यांची करूनसुद्धा टाकलेली असते. जरा थांबा. माझी पहिली जुनी गिटार मी अशीच आधी रंगवली, घासण्यात आणि वाळवण्यात तीन आठवडे घालवले, आरशासारखी चकचकीत केली आणि तारा चढवल्यावर कळलं की ट्रस रॉडचा (नेकच्या, म्हणजे गिटारच्या दांडीच्या, आतून जाणारा आणि तिला सरळ ठेवणारा धातूचा दांडा) नट आतून पार झिजलाय, नेक सरळ होणारच नाही. भिंतीवर टांगायला मात्र छान दिसायची.

त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी नेक, मग फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), मग वायरिंग, मग सेटअप. एवढं झाल्यावर महिनाभर वाजवा आणि तरीही रंग खुपतच असेल तर रंगवा. बऱ्याचदा तोवर त्या ओरखड्यांवरच जीव जडतो.

उघडायच्या आधी वाजवून बघा

आणल्या आणल्या स्क्रू काढायला बसू नका. ॲम्पला लावा, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा, कुठे आवाज मरतो, कुठे तार खरखरते ते कागदावर लिहून ठेवा. नॉब फिरवा, स्विच प्रत्येक जागी नेऊन बघा, जॅकमधली केबल हलकेच हलवा. पिकअपवर, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या त्यांच्याखालच्या चुंबकी डबीवर, स्क्रू ड्रायव्हरने अलगद टिचकी मारली की ॲम्पमधून टक असा आवाज यायला हवा, कुठल्याच स्विचवर आला नाही तर तो पिकअप मेलाय किंवा त्याची वायर सुटलीय. आणि फोटो काढा, भरपूर काढा, उघडल्यावरही प्रत्येक वायर कुठून कुठे जाते त्याचा फोटो हवाच. आत्ता वाटतं की लक्षात राहील, नाही राहत.

नेक

गिटार डोळ्याच्या रेषेत धरून हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) ब्रिजकडे (बॉडीवर तारा अडकतात तिकडे) बघा, नेक पिळवटलेला दिसला (म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली) तर ते घरी दुरुस्त होणारं काम नाही. थोडा पुढे वाकलेला असेल तर घाबरायचं कारण नाही, तारा मिळून साधारण ४० किलोच्या ओढीने त्याला सतत खेचत असतात, वाकणारच. मोजायची सोपी पद्धत अशी की जाड मी (E) तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघायचं. ०.२ ते ०.३ मिमी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट बरी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने आवळायचा, फट अजिबातच नसेल तर सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा ट्यून करून पुन्हा मोजा.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ॲलन की नेमक्या मापाची हवी, इंचाच्या नटमध्ये मिलीमीटरची की "बसतेय की" म्हणून घातली तर नटचे कोपरे गोल होतात आणि मग तो कायमचा गेला. दुसरी, फिरत नसेल तर जोर लावायचा नाही. ट्रस रॉड तुटला तर ती दुरुस्ती गिटारच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते.

स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टरसारख्या गिटारचा नेक बॉडीला चार स्क्रूंनी जोडलेला असतो, तारा सैल करून तो काढता येतो आणि वेगळा ठेवून आरामात काम करता येतं. लेस पॉलसारख्या गिटारचा नेक सहसा चिकटवलेला असतो, त्याला हात लावू नका.

मळ, फिंगरबोर्ड आणि फ्रेट

वर्षानुवर्षांचा घामाचा थर फ्रेटच्या कडेला काळा होऊन साचलेला असतो. जुन्या प्लास्टिक कार्डाने तो खरवडून काढा. रोझवूडचा किंवा एबनीचा, म्हणजे वर लाखेचा थर नसलेला फिंगरबोर्ड असेल तर फिंगरबोर्डसाठी मिळणाऱ्या तेलाचे चार-पाच थेंब फडक्यावर घेऊन पुसा, दहा मिनिटं मुरू द्या आणि उरलेलं सगळं पुसून टाका. पिवळसर चकचकीत मेपल असेल तर तेलाचं काही काम नाही, त्यावर आधीच पॉलिश आहे, किंचित ओलं फडकं पुरे.

फ्रेट चमकवायला चार शून्यवाली, म्हणजे सगळ्यात बारीक स्टील वूल घेतात. आधी दोन फ्रेटमधलं लाकूड मास्किंग टेपने झाका. आणि पिकअप तर झाकाच झाका, नाहीतर नेक वेगळ्या खोलीत नेऊन घासा, कारण पिकअपमध्ये लोहचुंबक असतं आणि स्टील वूलचा बारीक भुगा त्याला केसाळ सुरवंटासारखा चिकटून बसतो. मी एकदा संध्याकाळभर टेपचे तुकडे दाबून दाबून तो भुगा काढत बसलो होतो. नको असेल ही भानगड तर १०००, १५००, २००० नंबरचे पॉलिश पेपर क्रमाने वापरा, तेवढंच छान होतं.

तार एकाच ठिकाणी खरखरत असेल तर बहुतेक पुढचा एखादा फ्रेट वर आलाय. कडक, सरळ धारेची छोटी पट्टी तीन फ्रेटवर आडवी ठेवा, ती डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे. तो नुसता खाचेतून उचलला गेला असेल तर प्लास्टिकच्या हातोडीने हळूच ठोकून बसतो. पण पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांनी खोल खड्डे पाडलेले असतील तर फ्रेट लेव्हल करणं हे हात बसलेल्या माणसाचं काम आहे, तिथे पैसे खर्च करा. तंबोऱ्याला जवारी काढावी लागते, इथे आपण नेमकी ती घालवायला बसलोय.

वरच्या टोकाच्या नटच्या (ट्रस रॉडचा नव्हे, तारा टेकतात ती छोटी पट्टी) खाचांमध्ये शिसपेन्सिल फिरवा. ट्यून करताना तार टिंग करून एकदम उडी मारत असेल तर ते बंद होतं, आणि लोक उगाच खुंट्यांना दोष देतात ते वाचतं.

वायरिंग: इथेच खरी मजा

जुन्या गिटारच्या दहा तक्रारींतल्या सात-आठ इथे निघतात आणि त्यातल्या बऱ्याच फुकटात सुटतात.

नॉब फिरवताना खरखर येत असेल तर आतल्या पॉटमध्ये (नॉबखाली फिरणारा गोल भाग) धूळ आहे. मागच्या झाकणाजवळच्या छोट्या फटीतून काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि मग नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवायचा. पाच मिनिटांचं काम. केबल हलवल्यावर आवाज जातो-येतो त्याचं कारण बहुतेकदा जॅक असतो, त्याची आतली वाकडी पट्टी सैल पडलेली असते, चिमट्याने थोडी आत दाबा. जॅकचं बाहेरचं नट आवळताना आतून जॅक धरून ठेवा, नाहीतर सगळा जॅकच फिरतो आणि वायर तुटते, आणि मग तुम्ही म्हणता आधी तर चालू होतं.

मल्टिमीटर असेल तर केबल गिटारला लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या बाजूच्या प्लगचं टोक आणि दांडा यांच्यातला रेझिस्टन्स बघा. सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा) पिकअप साधारण ५ ते ८ किलोओहम दाखवतो, हंबकर (दोन कॉइलचा) ७ ते ९, तगडा असेल तर १५-१६ पर्यंतसुद्धा. व्हॉल्यूमच्या पॉटइतका काहीतरी अवाढव्य आकडा आला तर पिकअपची तार कुठेतरी तुटलीय.

गुणगुण येते ती कसली ते नीट ओळखा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे. जॅकच्या धातूला बोट लावल्यावर कमी होते पण तारांना लावल्यावर नाही, तर ती वायर ब्रिजखाली सुटलीय, शोधून जोडा. सिंगल कॉइलची ५० किंवा ६० हर्ट्झची घूं मात्र त्याच्या स्वभावातच आहे. ती घालवायलाच १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन उलट्या कॉइल जोडून हंबकर बनवला. आतल्या खळग्यात तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली की चिरचिर बरीच कमी होते, घूं पूर्ण जात नाही. पट्टी लावताना जॅकचं किंवा स्विचचं सिग्नल वाहणारं टोक तिला टेकू देऊ नका, टेकलं की गिटार ठार मुकी.

सोल्डरिंग करायचं असेल तर ४० ते ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न घ्या. छोट्या आयर्नने पॉटची पाठ तापतच नाही, मग आपण मिनिटभर टेकवून बसतो आणि पॉट आतून जळतो. आत रेझिन असलेलं इलेक्ट्रॉनिक्सचं सोल्डरच वापरा, नळजोडणीचा ॲसिड फ्लक्स नको, तो पुढे वायर खातो. आधी जागा तापवा, मग सोल्डर टेकवा, ते पाण्यासारखं पसरलं पाहिजे. गोळा होऊन बसलं तर ते धरलेलं नाही. खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर हात धुवा. आणि उत्साहाच्या भरात ॲम्प उघडू नका, गिटारमधली वीज नगण्य असते पण व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट साठलेले राहू शकतात.

आता तिला आपली करायची

पिकअप बदलला तर आवाज खरंच बदलतो, पण विकत घ्यायच्या आधी खळग्याची लांबी-रुंदी-खोली आणि दोन बाजूच्या मी तारांमधलं अंतर मोजा. सिंगल कॉइलला सहसा २५० किलोओहमचे पॉट लावतात, हंबकरला ५०० चे, २५० वर हंबकर जरा दबलेला वाटतो. सगळं एकदम बदलू नका, एक गोष्ट बदला, आठवडाभर ऐका.

आणि हे काही हलकं काम नाही बरं का. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये जुन्या स्ट्रॅटोकास्टर विकत घेऊन त्यातल्या तीन गिटारींचे चांगले चांगले भाग एकत्र केले, तीच त्याची ब्लॅकी. एडी व्हॅन हेलनने सत्तरच्या दशकात कारखान्याने बाजूला काढलेली बॉडी आणि एक नेक घेऊन एक हंबकर आणि एकच व्हॉल्यूम नॉब एवढ्यावर गिटार उभी केली. टोन नॉब लावलाच नाही, कारण तो वापरायचाच नाही.

पट्ट्याचं बटण किंवा खुंटीचा स्क्रू सैल होऊन नुसताच फिरत असेल तर भोकात लाकडाचा गोंद आणि दोन-तीन टूथपिक घाला, वरून सपाट कापा, रात्रभर वाळू द्या. स्क्रू पुन्हा घालताना आट्यांवर थोडं मेण चोळा.

रंग, अगदीच राहवत नसेल तर

आधी जुना रंग कसला आहे ते बघा. नेकच्या खळग्यात, जिथे दिसणार नाही तिथे, कापसाच्या बोळ्याने ॲसिटोनचा थेंब लावा. रंग मऊ होऊन चिकट झाला तर नायट्रो लॅकर, काहीच झालं नाही तर बहुधा पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. हा दुसरा प्रकार प्लास्टिकच्या चिलखतासारखा असतो, तो लाकडापर्यंत उतरवायच्या फंदात पडू नका. ३२० ते ४०० च्या पेपरने नुसती चमक मारा, टवके भरा, प्रायमर द्या आणि वरून रंग. पातळ पातळ थर द्यायचे, जाड दिला की ओघळ आलाच. मास्क लावा, मोकळ्या हवेत करा, आणि जुना रंग घासताना निघालेली भुकटी श्वासात जाऊ देऊ नका. नायट्रोचा शेवटचा थर दिल्यावर तीन-चार आठवडे हातसुद्धा लावू नका. मग १००० ते २००० च्या पेपरने ओलं घासून पॉलिश. नखाने दाबून बघायचा मोह प्रत्येकाला होतो, ठसा कायमचा राहतो.

शेवटचा सेटअप

नवीन तारा चढवा, आणि ज्या जाडीच्या वाजवणार आहात त्याच, कारण ९-४२ (सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जाड तार, इंचाच्या हजाराव्या भागात) वरून १०-४६ वर गेलात तर ओढ वाढते आणि नेक पुन्हा बघावा लागतो. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली उंची पातळ मीला १.६ मिमी आणि जाड मीला २ मिमी इथून सुरुवात करा, मग खरखर आणि बोटांचा आराम यांच्यात आपलं आपलं जुळवा. मग ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून येणारा सूर) आणि तोच फ्रेट दाबून येणारा सूर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, नेकपासून लांब सरकवा, उतरता असेल तर पुढे. प्रत्येक वेळी सरकवल्यावर पुन्हा ट्यून करायचं, कंटाळा येतो पण पर्याय नाही. पिकअप तारांच्या फार जवळ आणू नका, चुंबक तार ओढतं आणि सूर डळमळतो, शेवटचा फ्रेट दाबून दोन-तीन मिमी अंतर ठेवा.

आठवड्याने नेक नव्या ओढीला सरावलेला असतो, तेव्हा ती फट पुन्हा एकदा मोजा. आणि काढलेले जुने पिकअप, नॉब, गंजके स्क्रूसुद्धा एका पिशवीत घालून वर नाव लिहून केसमध्ये ठेवा, पुढे कधी गिटार विकावी लागली तर घेणारा पहिला प्रश्न त्यांचाच विचारतो.