रिसोर्स इंजेक्शन फसतंय? या चुका टाळा

रिसोर्स इंजेक्शन म्हणजे कोडला लागणारी गोष्ट, उदाहरणार्थ डेटाबेसची जोडणी, सर्व्हरनेच त्यात आणून भरणं. लातूरकडच्या एका बाजार समितीचं आडतीच्या हिशेबाचं अ‍ॅप्लिकेशन आम्ही वाइल्डफ्लाय या जावा सर्व्हरवर चढवत होतो. सोयाबीनची आवक जोरात, आडते पट्टीसाठी खोळंबलेले, आणि इकडे संभाजीनगरात माझ्यासमोर डिप्लॉयमेंट फेल. मी लॉगची शेवटची ओळच परत परत वाचत होतो. खरं कारण बरंच वर होतं: ‘रिक्वायर्ड सर्व्हिसेस दॅट आर नॉट इन्स्टॉल्ड’, आणि त्याखाली आमच्या डेटासोर्सचं, म्हणजे सर्व्हरवर नोंदवलेल्या डेटाबेस-जोडणीचं, नाव. सर्व्हरवर त्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल होतं, कोडमध्ये स्मॉल. जेएनडीआयला, म्हणजे नावावरून गोष्ट शोधून देणाऱ्या जावाच्या यंत्रणेला, ही दोन वेगळी नावं.

म्हणून आधी एवढंच बघा: डिप्लॉयच होत नाही, की डिप्लॉय होऊन फील्डमध्ये नल (म्हणजे काहीच नाही) येतंय? ही दोन वेगळी दुखणी आहेत.

डिप्लॉयच होत नसेल तर बहुतेक वेळा घोळ नावाचा असतो. @रिसोर्स, म्हणजे ‘ही गोष्ट सर्व्हरने भरावी’ असं सांगणारी कोडमधली खूण; तिच्यात ‘नेम’ आणि ‘लुकअप’ एकच समजणं ही सर्रास होणारी चूक. ‘नेम’ म्हणजे कंपोनंटच्या स्वतःच्या जावा:कॉम्प/ईएनव्हीमधलं नाव; सर्व्हरवरचा पूर्ण पत्ता ‘लुकअप’मध्ये लिहायचा. नाव जुळतंय तरी रडतंय, तर डेटाबेसशी बोलणाऱ्या ड्रायव्हरचा जार (जावाची लायब्ररी फाइल) तपासा. ड्रायव्हर नसला की डेटासोर्स उभाच राहत नाही आणि दोष उगाच इंजेक्शनवर येतो. वाइल्डफ्लायच्या सीएलआयमधून (कमांड लिहून चालवायच्या टूलमधून) त्या डेटासोर्सवर ‘टेस्ट-कनेक्शन-इन-पूल’ चालवलं की डेटाबेसपर्यंत पोहोचतंय की नाही ते लगेच कळतं.

नल येत असेल तर इम्पोर्ट उघडा. जकार्ता ईई (सर्व्हरवरच्या जावाचं स्टँडर्ड) ९ पासून, म्हणजे २०२० पासून, पॅकेजचं नाव जावाएक्सचं जकार्ता झालं. टॉमकॅट १० आणि वाइल्डफ्लाय २७ पासून पुढे जकार्ताच लागतं. जुनं जावाएक्स.अ‍ॅनोटेशन.रिसोर्स एखाद्या क्लासमध्ये राहिलं, तर कोड बिनतक्रार कंपाइल होऊ शकतो, कारण पोममध्ये (प्रोजेक्टच्या लायब्रऱ्यांची यादी असलेल्या फाइलमध्ये) जुना जार असतो. नवा सर्व्हर मात्र त्या अ‍ॅनोटेशनकडे ढुंकूनही बघत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, पहिल्या क्वेरीला थेट नलपॉइंटरएक्सेप्शन. यात माणसाचा अख्खा दिवस जातो, पोरांनो, मी पाहिलंय.

पण घाईत सगळीकडे फाइंड-रिप्लेस मारू नका! जावाएक्स.एसक्यूएल.डेटासोर्स आणि जावाएक्स.नेमिंग हे जेडीकेचे, म्हणजे मूळ जावाचेच, भाग आहेत, ते जावाएक्सच राहतात.

इम्पोर्ट बरोबर असेल तर तो ऑब्जेक्ट कुठे तयार होतोय ते शोधा. ‘न्यू’ लिहून तुम्हीच बनवला असेल तर कंटेनरला (ऑब्जेक्ट सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या भागाला) त्याचा पत्ताच नसतो, मग फील्ड भरणार कोण? स्टॅटिक फील्डवरही @रिसोर्स लावू नका. आणि कन्स्ट्रक्टर चालतो तेव्हा फील्ड अजून रिकामंच असतं. कनेक्शन लागणारं काम @पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये, म्हणजे फील्ड भरल्यावर चालणाऱ्या मेथडमध्ये, हलवा.