निषिद्ध प्रेम आणि जोडलेली माणसे: गोव्यातील मालिका लिहिताना

विरोध करणारे पात्र आधी ठरवायचे आणि मग त्याच्या तावडीत सापडणारे प्रेमिक शोधायचे, ही मालिका लिहिणाऱ्यांची जुनी खोड आहे. पात्रांच्या स्वभावावर चालणारी मालिका लिहायची असेल, तर या दोघांच्या लग्नामुळे कोणाच्या हातून नेमके काय जाणार आहे, हे सर्वप्रथम लिहून काढावे. जमीन, देवळातील मान की धाकट्या बहिणीचे जुळत आलेले स्थळ? उत्तर जितके ठोस, तितका विरोध खरा वाटतो आणि विरोध करणाराही खलनायक न होता माणूस राहतो.

कथा गोव्यात घडणार असेल, तर भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा मुलगा आणि मुंडकाराची, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची मुलगी ही जोडी घ्यावी. भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या कुटुंबांना १९७५ च्या मुंडकार कायद्याने घरातून हुसकावले जाण्यापासून संरक्षण दिले आणि राहत्या घराची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. त्यामुळे दोन्ही घरांमध्ये जातीचा किंवा प्रतिष्ठेचा प्रश्न असतोच, शिवाय मामलेदाराकडे पडून असलेला एखादा अर्जही असू शकतो. मुलीच्या बापाला आपली मुलगी भाटकाराच्या घरी जाणे म्हणजे तो अर्ज मागे घेण्यासारखे वाटावे. विरोध एकाच बाजूने दाखवला की कथा लंगडी पडते.

‘तुला इस्टेटीतली कवडीही मिळणार नाही’ हा हुकमी संवाद मात्र येथे लिहू नये. गोव्याच्या नागरी कायद्याचे मूळ १८६७ च्या पोर्तुगीज संहितेत आहे आणि त्यानुसार, कायद्याने सांगितलेली मोजकी कारणे सोडली तर, मुलांचा निम्म्या मालमत्तेवरील हक्क आईवडिलांना मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. शिवाय लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक धरली जाते. म्हणजे मुलाच्या वाट्याला उद्या जे येईल, त्यात मुंडकाराची मुलगी निम्म्याची धनीण होणार आणि तिच्या संमतीवाचून भाट, म्हणजे ती जमीन, विकता येणार नाही. भाटकाराची खरी भीती ही आहे. म्हणून तो आरडाओरडा करणार नाही. तो शांतपणे म्हणेल, ‘लग्न कर बाबा, पण आधी करारावर तिची सही घे.’

या एका वाक्यावर चार भाग उभे राहू शकतात. मुलगा तो मसुदा घडी करून खिशात ठेवतो, दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत तिच्या शेजारी उभा राहतो आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत पावसाविषयीच बोलत राहतो. तिला त्याचा हात सारखा खिशाकडे जाताना दिसतो, पण तीही विचारत नाही. येथे पार्श्वसंगीत नको. इंजिनाची घरघर पुरे. प्रेमाला खरा अडथळा बापाचा आहे की मुलाच्या भिडस्तपणाचा, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आपोआप उभा राहतो, आणि पात्रांच्या स्वभावावर चालणाऱ्या मालिकेला एवढेच हवे असते.

जोडलेल्या, म्हणजे रक्ताच्या नात्याबाहेरच्या माणसांचे घर उभे करताना बहुतेक लेखक घाई करतात. घर सोडलेल्या मुलीला कोणी प्रेमळ काकी भेटते आणि दोन प्रसंगांत सगळे मार्गी लागते. त्यापेक्षा तिला जत्रेच्या नाटकाच्या तालमीत आणावे. प्रॉम्प्टर, हार्मोनियमवाला, रंगभूषा करणारा, दिवसा दुकान सांभाळून रात्री राजा होणारा नट, अशी मंडळी कामामुळे एकत्र येतात आणि कामावरूनच भांडतात. प्रत्येकाला मंडळीत टिकून राहण्याचे स्वतःचे कारण द्यावे, आणि तिला आसरा दिल्याबद्दल निदान एकाला तरी किंमत मोजावी लागू द्यावी: भाटकाराने जत्रेची देणगी थांबवली, तर ‘हिला जाऊ दे’ म्हणणाराही याच मंडळीत निघावा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे आपापल्या मूळ घरी जातात, तेव्हा ती एकटी मागे उरते. त्या दिवशी कोण आपल्या घरची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची आरास, बांधायला तिला बोलावतो, त्यावरून नाती ठरतात.

संवादांत एक पथ्य पाळावे. ही माणसे घरी कोंकणी बोलतात आणि रंगमंचावर मराठी. राजाच्या वेशात लांबलचक स्वगत म्हणणारा नट घरी बायकोच्या प्रश्नाला ‘पुरो’ (पुरे) एवढेच उत्तर देतो, हा फरक पटकथेत जपला तर स्वभाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

गोव्यात विवाहनोंदणीसाठी दोनदा जावे लागते: आधी इच्छा नोंदवायची, मग हरकत आली नाही तर ठरल्या दिवशी सह्या करायच्या. मधल्या दिवसांत करारनाम्याचा निकाल लावावा. दुसऱ्या फेरीला साक्षीदार म्हणून कोणाकोणाच्या सह्या पडणार, हे पहिला भाग लिहायला घेण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.