हॉटेल ‘स्मार्ट’ करताय? किनारपट्टीवर या चुका टाळा

गणपतीपुळ्यापासून मालवणपर्यंत आता बऱ्याच हॉटेलवाल्यांना खोल्या ‘स्मार्ट’ करून हव्या असतात. कार्ड काढलं की एसी बंद, टाकीची पातळी मोबाइलवर, पंप आपोआप. हे सगळं होतं, आणि नीट केलं तर वीजबिलातही फरक दिसतो. पण पुण्या-मुंबईच्या ऑफिसात चालणारी मांडणी तशीच उचलून समुद्राकाठी लावली, तर पहिल्याच वळवात तिची वाट लागते. माझ्याकडे येणारे फोन बहुतेक त्याच त्या चुकांचे असतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे अर्थिंग न तपासता कंट्रोलर (एसी, पंप, दिवे यांना हुकूम देणारं यंत्र) बसवणं. आपल्याकडची बरीच बांधकामं कातळावर. जांभ्याचा कातळ वीज सहजासहजी जमिनीत मुरू देत नाही. त्यात खोल खड्डा मारायचा तर ब्रेकर लावावा लागतो, म्हणून वायरमन दोन-तीन फूट पाइप पुरतो, मीठ-कोळसा ओततो आणि अर्थिंग झालं म्हणून सांगतो. मग टेस्टर लावला जातो तो जुलै-ऑगस्टमध्ये, जमीन चिंब असताना. अर्थिंगच्या रोधाचा ओहममधला आकडा जितका कमी तितका चांगला, आणि तेव्हा तो छानच येतो. मे महिन्यात तीच जमीन ठणठणीत कोरडी पडते, आकडा पार चढतो, आणि विजा कडाडतात त्याच दिवसांत.

मालवणजवळचं एक रिसॉर्ट. मुख्य इमारत, मागे कॉटेजेस, खाली विहिरीवर पंपघर. कंत्राटदाराने तिन्ही ठिकाणं मॉडबसच्या (कंट्रोलर आणि मॉड्यूलांनी एकमेकांशी बोलायची पद्धत) एकाच तांब्याच्या डेटा केबलने जोडली होती, केबल माडांवरून ओढलेली, आणि प्रत्येक इमारतीचं अर्थिंग वेगळं. मे अखेरीस वीज पडली ती रिसॉर्टवर नव्हे, कुंपणालगतच्या माडावर. अशी वीज जमिनीत उतरते तेव्हा जवळजवळच्या दोन अर्थिंगमध्येसुद्धा काही क्षण हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. इथे त्या फरकाला वाट मिळाली ती डेटा केबलची. मी पॅनेल उघडलं तेव्हा सगळे एमसीबी जागेवर होते, एकही पडलेला नाही. पण मॉड्यूलांमधल्या आरएस-४८५ च्या, म्हणजे त्या डेटा केबलला जोडलेल्या, चिपा गेलेल्या. एकीच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढं भोक आणि भोवती काजळी. मालक म्हणाले, “अहो, स्टॅबिलायझर आहे ना, मग जळलं कसं?” स्टॅबिलायझरचा इथे काही संबंध नाही, कारण झटका विजेच्या लाइनीतून आलाच नव्हता. ऐन हंगामात खोल्या भरलेल्या, आणि एसी चालू व्हावेत म्हणून रिले बाजूला करून तारा थेट जोडाव्या लागल्या.

माझा नेम ठरलेला आहे. अर्थिंग एप्रिल-मेमध्येच मोजायचं, आणि पाच ओहमच्या खाली आल्याशिवाय कंट्रोलरचा खोका फोडायचा नाही. मीठ पाइप खाऊन टाकतं, म्हणून बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) वापरायचं. एका इमारतीचे सगळे खड्डे एकमेकांना जोडायचे. मेन बोर्डावर आणि मजल्याच्या डीबीत (वीज वाटणाऱ्या बोर्डात) सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका अडवणारं उपकरण, बसवायचा. आणि एका इमारतीतून दुसरीत डेटा न्यायचा तो फायबरनेच, तीही लोखंडी कवच नसलेली. काचेतून झटका जात नाही. फायबरचा खर्च ऐकून “एवढ्याशा अंतराला कशाला?” म्हणणारे भेटतात. त्यांचं काम मी घेत नाही.

दुसरी चूक बिल वाचवण्याच्या घाईतून होते. पाहुणा बाहेर गेला की एसी पूर्ण बंद, असं प्रोग्रॅमिंग सगळे करतात. कोरड्या हवेच्या शहरात ते चालतं. आपल्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीत असते. दोन दिवस खोली रिकामी, एसी बंद, खिडक्या बंद, की गादीला कुबट वास आणि कपाटाच्या मागच्या बाजूला बुरशी. मग वाचलेलं बिल रंगाऱ्याला द्यायचं. खोलीत तापमानासोबत आर्द्रतेचाही सेन्सर लावा आणि ६५ टक्क्यांच्या वर गेलं की एसी थोडा वेळ ड्राय मोडवर चालू द्या. खोलीच्या मानाने फार मोठा एसी घेऊ नका. तो खोली झटकन गार करून थांबतो, ओल तशीच राहते.

वायफायवर सगळं चालवायचा हट्ट सोडा. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे सिग्नल मरतो, आणि पावसात इंटरनेट गेलं म्हणून जिन्यातला दिवा लागत नाही, ही वेळ यायला नको. हुकूम इमारतीतल्याच कंट्रोलरने द्यावा. इंटरनेट फक्त बघण्यापुरतं.

जुन्या इमारतीत स्विचच्या डब्यात बहुधा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) नसतो, आणि बऱ्याच स्मार्ट मॉड्यूलांना तो लागतो. मॉड्यूल मागवण्याआधी दोन-चार डबे उघडून बघा.

आरएस-४८५ ची केबल एका डब्यातून दुसऱ्यात अशी ओळीने न्यायची, फाटे फोडायचे नाहीत. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर.

बाहेरच्या डब्यात केबल वरून घालू नका, खालून घाला. स्क्रू स्टेनलेस स्टीलच्या ३१६ प्रतीचे घ्या. खाऱ्या वाऱ्यात नेहमीच्या ३०४ प्रतीलाही डाग धरतात. न वापरलेली भोकं बुजवा, पाली आणि मुंग्या तिथूनच शिरतात.

चिपळुणात २२ जुलै २०२१ ला बाजारपेठ पाण्याखाली गेली. तरी नदीकाठच्या नव्या दुकानांत मुख्य पॅनेल अजून तळमजल्यावर, हाताच्या उंचीवर दिसतं. ते वर न्या. वीज गेली तर दारांची चुंबकी कुलुपं उघडलीच पाहिजेत, यात तडजोड नको.

प्रत्येक पंपाला, प्रत्येक एसीच्या सर्किटला हाताने चालू करायचा स्विच ठेवा. निसर्ग वादळानंतर जून २०२० मध्ये श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी जनरेटरवर पाणी चढवायचं असतं आणि ॲप उघडत नाही. वायरिंगचा नकाशा पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा, प्लास्टिकमध्ये घालून, मराठीत. बसवणारा पुण्याहून लगेच येणार नाही, रात्रीच्या ड्युटीवरच्या पोराला तो वाचता आला पाहिजे.