मायाळूच्या पानांवरचे ठिपके असे थांबले

मायाळूच्या पानांवर जांभळट-लाल कडेचे गोल ठिपके आले. मधला भाग पांढुरका, पुढे तो गळून भोकंच पडायची. आधी किडीचा संशय आला, पण पानामागे एकही अळी नव्हती. हा बुरशीचा रोग. पाण्याच्या शिंतोड्यांनी तो पानोपानी पसरतो, म्हणून फवारणीआधी पाण्याकडेच लक्ष दिलं.

ठिपक्यांची पानं खुडून लांब टाकली (कंपोस्टमध्ये मुळीच नाही). जमिनीवर लोळणारी वेल दोरीवर चढवली, बुंध्याशी वाळक्या पानांचं आच्छादन केलं. पाणी सकाळीच, तेही फक्त मुळाशी. दाटी झालेले शेंडे छाटल्यावर वारा खेळू लागला.

डागाळलेली पानं सुधारत नाहीत. नवी फूट मात्र स्वच्छ, जाड, चकचकीत आली. छाटलेले निरोगी शेंडे ओल्या मातीत खोचले, त्यांनाही मुळं फुटली.