शेंडे लाल झाल्यावर फवारताय? स्प्रूस बडवर्मच्या बाबतीत या चुका टाळा

कॅनडातल्या क्युबेक, न्यू ब्रन्सविक भागात जुलै उजाडला की फरची, म्हणजे सुईसारख्या पानांची सदाहरित झाडं आगीची झळ लागल्यासारखी तांबूस दिसू लागतात. झाडाचा मालक घाबरतो आणि फवारणीच्या मागे लागतो. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तो तांबूस रंग म्हणजे स्प्रूस बडवर्म या पतंगाच्या अळीने अर्धवट कुरतडलेल्या, रेशमी धाग्यांत अडकून वाळलेल्या सुया. जेवण उरकून अळी तोवर कोषात गेलेली असते किंवा पतंग होऊन उडालेलीही असते. मग फवारायचं कोणावर?

इथे बीटीके नावाचं जैविक कीटकनाशक वापरतात. आपल्या बीटी कापसाला ज्या जिवाणूवरून नाव मिळालं, त्याच जातीतलं हे वाण. ते अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं. घाई करून लवकर फवारलं, तर इवलीशी अळी जुन्या सुईत किंवा मिटलेल्या कळीत सुरक्षित बसलेली असते. कळ्या उमलून कोवळे शेंडे बाहेर आले आणि अळ्या त्यांवर उघड्यावर खाऊ लागल्या, की ती वेळ. म्हणून तारखेपेक्षा झाडाकडे बघा.

नावानेही फसगत होते. म्हणायला ‘स्प्रूस’ (फरसारखंच सुईच्या पानांचं दुसरं झाड), पण या अळीचं आवडतं खाणं बाल्सम फर. त्याखालोखाल पांढरा स्प्रूस. काळ्या स्प्रूसच्या कळ्या उशिरा उमलतात, म्हणून त्याला झळ कमी बसते. तेव्हा पाहणीची सुरुवात फरपासून करा.

‘हिवाळ्यात मरतील’ या आशेवरही राहू नका. ऑगस्टच्या सुमारास अंड्यातून निघालेली अळी काहीही न खाता सालीच्या फटीत बारीकसं घरटं विणते आणि थेट वसंतापर्यंत झोपते. वनखात्याची माणसं पानगळीनंतर फांद्या तोडून नेतात, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतात आणि सुटलेल्या अळ्या मोजतात. पुढच्या उन्हाळ्याचा अंदाज त्यावरून बांधतात. मादीच्या वासाने पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांवर एवढी भिस्त ठेवता येत नाही. त्यांत फक्त नर सापडतात, आणि वाऱ्यावर दुरून आलेले पतंगही त्यांत असू शकतात.

आणि कुऱ्हाड? एका वर्षी शेंडे गेले म्हणून फर मरत नाही. सलग चार-पाच वर्षं जबर खाल्लं गेलं, तर मरतं. हिची साथ साधारण 30-40 वर्षांनी फिरून येते आणि बरीच वर्षं मुक्काम ठोकते. त्यामुळे पहिल्याच उन्हाळ्यात झाड तोडू नका. शेंड्यावर पुढच्या वर्षाच्या कळ्या शाबूत आहेत का, ते आधी बघा.