जमातीत पंच म्हणून बसायची वेळ आली तर

मुंबईच्या डोंगरीतल्या आमच्या कोकणी मुसलमानांच्या जमातीत नवरा-बायकोच्या तंट्यांना मी बारा वर्षं पंच म्हणून बसतोय. ज्यांना पहिल्यांदाच बोलावणं येईल, त्यांनी लगेच हो म्हणू नये. हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन आहे: ज्याला काझी, म्हणजे न्यायाधीश नेमलं, तो सुरीशिवाय जबह झाला, म्हणजे कापला गेला. दुसऱ्या हदीसमध्ये काझी तीन प्रकारचे सांगितलेत आणि त्यातला एकच जन्नतचा. हक, म्हणजे सत्य ओळखूनही उलटा निवाडा देणारा जहन्नमी, आणि काही ठाऊक नसताना निवाडा करणाराही जहन्नमी. मला या दुसऱ्याचीच धास्ती जास्त, कारण त्याची नियत साफ असू शकते. इमाम अबू हनीफांनी खलिफा मन्सूरनं देऊ केलेलं काझीपद नाकारलं आणि कैद पत्करली, ती उगाच नाही.

आपण कोर्ट नाही, हे पहिल्याच बैठकीत दोघांना सांगा. १८८०च्या काझी कायद्यानं नेमलेल्या काझीलाही न्यायदानाचा अधिकार मिळत नाही, आणि दारुल कझा, म्हणजे शरियतप्रमाणे तंटे ऐकणारं खासगी मंडळ, त्याचा निवाडा कुणावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. बाईला १९३९च्या कायद्यानं निकाह मोडून हवा असेल, तर वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाची वाट आपण अडवायची नाही. मारहाण झाली असेल तर समझोत्याचं नावही काढू नका, तिला पोलीस ठाण्यात घेऊन जा.

एका जुम्म्याला एका मुलीचे सासरे माझ्या घरी आले. तासभर बोलले, रडले. सून दागिने घेऊन माहेरी गेली म्हणाले. रविवारी ती बोलायला लागली तेव्हा माझ्या मनात निकाल तयार होता. ते दागिने तिच्या मेहरचे, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायच्या हक्काच्या देण्यातले होते. निकाहनाम्यात तसं लिहिलेलं होतं आणि मी निकाहनामा मागितलाच नव्हता! सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. हजरत अलींना यमनला पाठवताना पैगंबरांनी हेच बजावलं होतं: दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय पहिल्याच्या बाजूनं निवाडा देऊ नकोस. आता कुणी एकटं जिना चढून आलं, की दारातच सांगतो, रविवारी दोघं मिळून या.

बसताना दोघांना सारख्या खुर्च्या द्या. एकाला चहा, तर दुसऱ्यालाही चहा. एकाकडे पाहून हसू नका. बाईचं म्हणणं तिच्याच तोंडून ऐका. भाऊ मध्ये बोलू लागला तर त्याला थांबवा. सांगणाऱ्यानं पुरावा द्यायचा, नाकारणाऱ्यानं कसम घ्यायची. निकाहनामा, सोनाराची पावती, बँकेचं पासबुक आधी मागवा. रागात निवाडा करायला हदीसमध्ये मनाई आहे. भूक आणि झोपही तशीच धरतात. मुंब्र्याहून लोकलमध्ये उभं राहून आलेल्या माणसाला आधी पाणी द्या, दहा मिनिटं टेकू द्या.

समझोता झाला तर कागदावर लिहा, दोघांना वाचून दाखवा, एकेक प्रत द्या. नंतर एखादा नवा कागद समोर आला तर दोघांना परत बोलवा. हजरत उमर यांच्या नावानं जे पत्र सांगितलं जातं, त्यात काझीचं काम करणाऱ्या अबू मूसांना हेच लिहिलंय: कालचा निवाडा आज चुकीचा दिसला, तर हककडे परतायला त्याची आडकाठी नको. त्या मुलीच्या सासऱ्यांकडे दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो आणि दागिने तिचेच आहेत, असं लिहून दिलं.